सामान कमी आणा, मजुरी जास्त द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर साडेसहाशे चौरस फुटांचा टू बीएचके घेतलाय. हप्ते सुरू झालेत, त्यामुळे सजावटीला हातात ५० हजार. इंटिरियरवाल्याने फॉल्स सीलिंग, टीव्ही युनिट, भिंतीला पॅनेल असं धरून साडेतीन लाखांचं कोटेशन दिलं. तिकडे तासगाव तालुक्यातलं सासरचं जुनं घर पुढच्या महिन्यात पाडायचंय आणि माळ्यावर दोन पिढ्यांचं सामान पडून आहे. घर आपलं वाटावं, पण भंगाराचं दुकान वाटू नये. सासूबाईंचं म्हणणं, ते सगळं मोडीत घाला. मग आणायचं काय, टाकायचं काय आणि विकत कुठून काय घ्यायचं?

विकत घ्यायचं काय, याचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. सध्या काही नाही. ५० हजारांत घर भरायला गेलात तर ऑनलाइन मागवलेले चार कॅनव्हास, दोन प्लास्टिकची झाडं आणि भुशाच्या बोर्डाचं एक टीव्ही युनिट एवढ्यात पैसे संपतील, आणि हॉल शेजारच्या हॉलसारखाच दिसेल. तुमच्याकडे वस्तू भरपूर आहेत. कमी आहे ती त्या वस्तूंवर कोणाचा तरी हात फिरण्याची. सुतार, पॉलिशवाला, शिंपी, फ्रेमवाला, पिंजारी, इलेक्ट्रिशियन, हे सगळे हात सांगली-मिरजेत अजून मिळतात. तुमचे पैसे जवळजवळ सगळे त्यांच्या मजुरीत जाऊ देत.

सगळ्यात घाईचं काम माळ्यावर नाही, माळ्याच्या खाली आहे. तो माळा ज्या तुळयांवर उभा आहे, त्या तुळया. जुनं घर पाडणारा ठेकेदार पुष्कळदा 'लाकूड आमचं' हे मनात धरूनच भाव सांगतो, आणि मालकाला वाटतं की किती स्वस्तात पाडून दिलं. पाडकामाचा भाव ठरायच्या आधी एकदा सुताराला घेऊन गावी जा. खांब, तुळया, दारं, चौकटी, उंबरा, भिंतीतल्या खुंट्या यांतलं जे हवं त्यावर खडूने खूण करा. खूण केलेलं आमचं, बाकीचं तुमचं, असं साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. जेसीबी लागायच्या आधी हा माल हाताने उतरवायचा, हेही त्यातच लिहा. नाहीतर उरतात त्या फाटलेल्या फळ्या.

त्या भागात सगळं घर सागवानी असेल असं धरून चालू नका. दारं-चौकटी सागाच्या आणि वरच्या कड्या-तुळया बाभळीच्या नाहीतर कडुलिंबाच्या, असं मिश्रण मी बऱ्याच घरांत पाहिलंय. सुताराला एका कोपऱ्यात रंधा मारून बघायला सांगा. साग आतून सोनेरी तपकिरी निघतो आणि त्याला तेलकट वास असतो. बाभूळ तांबूस आणि वजनाला भारी. बाभळीवर रंध्याचं पातं लवकर बोथट होतं, त्यामुळे सुतार कुरकुर करील, पण बसायच्या बाकड्याला बाभळीसारखं लाकूड नाही. वखारीत चिरायला नेण्याआधी एकूण एक खिळा उपटून काढा. आत खिळा राहिला तर करवतीचं पातं जातं, आणि म्हणूनच काही वखारवाले जुनं लाकूड घ्यायलाच नको म्हणतात. आधी विचारून, खिळे काढल्याचं सांगून मगच टेम्पो भरा.

एका चांगल्या तुळईतून दाराजवळ ठेवायला पाच फुटी बाकडं होतं, उंची १७ इंच, रुंदी १४. त्यावर बसून चपला घालता येतात, खाली चपला राहतात. उरलेल्या लाकडात पुस्तकांच्या फळ्या. फळी इंचभर जाडीची असेल तर तीन फुटांच्या वर आधाराशिवाय लांब करू नका, पुस्तकांच्या वजनाने मधे वाकते. आणि खुंट्या! जुन्या भिंतीत ठोकलेल्या त्या लाकडी खुंट्या कोणी मागत नाही, सरपणात जातात. पाच-सहा खुंट्या एका पट्टीवर ओळीने बसवून घ्या आणि पट्टी बाकड्याच्या वर साडेपाच फुटांवर लावा. छत्री, पिशव्या, मुलाचं दप्तर, हेल्मेट सगळं तिथे टांगलं जाईल. जी खुंटी आजोबांच्या फेट्यासाठी होती तिच्यावर नातवाचं हेल्मेट आलं तर माझ्या मते ती सजावट पूर्ण झाली, तिला वर आणखी काही शोभेचं टांगायची गरज नाही.

जुनं दार मात्र दार म्हणून बसेल अशी आशा धरू नका. गावाकडची दारं बुटकी असतात, फ्लॅटची चौकट सात फुटी. पलंगाच्या उशाशी आडवं लावायला ते छान जातं. पण काचेखाली घालून त्याचं टीपॉय करू नका. तसंच बैलगाडीचं चाक, उलटं टांगलेलं सूप, कंदिलात एलईडी बल्ब. पुणे-बंगळूर हायवेला सातारा ओलांडला की 'अस्सल गावरान' म्हणवणारं प्रत्येक हॉटेल हेच करतं, आणि तुमचं घर हॉटेलसारखं दिसायला नको. वस्तूकडून तिचं मूळचं काम, किंवा त्याच्या जवळपासचं काम, करून घ्यायचं. ते जमत नसेल तर ती वस्तू गावातल्या कोणाला तरी देऊन टाका.

माळा उतरवताना मी हीच फूटपट्टी लावते. आज वापरता येईल असं एका बाजूला. दुरुस्त करून वापरता येईल असं दुसऱ्या बाजूला. आणि नुसती आठवण आहे, वापर काहीच नाही, असं तिसऱ्या बाजूला. तिसरा ढीग सगळ्यात मोठा होतो. त्यातून घरटी दोन वस्तू. त्या कोणत्या हे घरातल्या वयाने मोठ्या माणसाने ठरवावं, तुम्ही नाही, आणि डिझायनरने तर नाहीच.

तांब्या-पितळेचं आता. भांड्याच्या काठाशी किंवा गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव शोधा. लग्नात आहेर म्हणून आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, कधी गाव, कधी साल असतं. बाजारात 'अँटिक' म्हणून हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या हंड्यावर ते नसतं, आणि असलं तरी ते दुसऱ्याच्या आजीचं असतं. असं नाव असलेलं भांडं कोणत्याही परिस्थितीत मशीनवर बफिंगला देऊ नका. बफिंगने भांडं सोन्यासारखं चकाकतं आणि त्या भरात कोरीव अक्षरं झिजून जातात. चिंच-मीठ किंवा लिंबू लावून हाताने घासा, लगेच धुऊन कोरडं पुसा. सगळीच भांडी चकाचक करायचीही गरज नाही. तांब्याला चढलेला काळपट तपकिरी रंग मला तरी भिंतीजवळ जास्त शोभतो. दोन लखलखीत, एक काळवंडलेलं, असं असू द्या.

किती ठेवायची? हंडा, कळशी, घंगाळ, बंब सगळं आणून रांग लावली की भांड्यांचं दुकान झालंच. घंगाळ एक, त्यात बाल्कनीतल्या रोपाची कुंडी बसवा, कुंडीखाली बशी ठेवा म्हणजे माती थेट पितळेला लागत नाही. पाण्याचा तांब्याचा हंडा स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याला. पितळेची पातेली स्वयंपाकात वापरायची असतील तर कल्हई करून घ्या, विशेषतः आंबट पदार्थ करणार असाल तर. कल्हई म्हणजे आतून चढवलेला कथलाचा पातळ थर. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथील कापसाने पसरवतात. हा थर झिजतो, पुन्हा करावा लागतो. कल्हईवाले आता गल्लीतून ओरडत फारसे येत नाहीत, पण भांड्यांच्या जुन्या दुकानात विचारलं की पत्ता मिळतो.

जातं आणि पाटा-वरवंटा यांची बऱ्याच जणांना काळजी असते की वजनाने स्लॅबला काही होईल का. एका जात्याने स्लॅबला काही होत नाही, टाइल मात्र फुटते. खाली जाड रबरी मॅट घाला आणि एकदा ठेवलेली जागा बदलू नका. पाटा-वरवंटा ओट्याच्या बाजूला, हाताशी ठेवा. आठवड्यातून एकदा जरी चटणी वाटली तरी तो तिथे असण्याला अर्थ येतो.

लाकडी पेटी, पाळणा, चौरंग, देव्हारा यांच्याबाबतीत मी जरा कडक बोलते. फ्लॅटमध्ये आणायच्या आधी त्या गावीच उन्हात ठेवा आणि खाली कागद अंथरा. दुसऱ्या दिवशी कागदावर पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर आत भुंगा आहे. भोकांत औषध सोडून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून काही दिवस बाहेरच ठेवायचं. वाळवी दिसली तर तो भाग कापून काढल्याशिवाय घरात आणायचं नाही, मग वस्तू कितीही मायेची असो. नव्या फ्लॅटच्या चौकटी त्यापायी जातात.

दुसरी गोष्ट रंगाची. गावाकडच्या दारांवर, पेट्यांवर हिरव्या-निळ्या ऑइलपेंटचे थरावर थर असतात. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, म्हणजे त्या पेट्या त्याच्या कितीतरी आधीच्या. असा रंग कोरडा असताना मशीनने घासला की शिशाची धूळ घरभर उडते, आणि लहान मुलांना ती सगळ्यात वाईट. तुमच्या घरात मूल आहे. पेंट रिमूव्हर लावून, ओलं करून, अंगणात खरवडायला सांगा. कारागिराच्या नाकाला मास्क तुम्ही स्वतः नेऊन द्या. किंवा रंग चांगला घट्ट असेल तर काढूच नका. तो विटलेला निळा रंग मला पॉलिशपेक्षा आवडतो. वरून पारदर्शक लॅकरचा हात द्या, विषय संपला.

पॉलिश करायचंच असेल तर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने चढवलेलं हातपॉलिश जुन्या सागाला सगळ्यात शोभतं. पण त्यावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. म्हणून पेटीला, देव्हाऱ्याला, दाराला हातपॉलिश, आणि ज्यावर पानं-ताटं येणार त्या पृष्ठभागाला मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. स्वतः करायची हौस असेल तर जवसाचं तेल लावा, तेही सुंदर दिसतं. फक्त तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा, मग टाका.

कापडाचा भाग माझ्या आवडीचा, त्यामुळे इथे थोडी रेंगाळते. सासूबाईंच्या किंवा आजेसासूबाईंच्या नऊवारी सुती इरकली असतील तर पडदे त्यांचेच करा. हिशोब असा. नऊवारी म्हणजे नऊ वार, २७ फूट. तुमच्या हॉलची खिडकी पाच फूट रुंद धरली तर दांडी दोन्हीकडे सहा-सहा इंच बाहेर जाऊन सहा फुटांची होते. दांडी खिडकीच्या वर सहा इंचांवर लावायची आणि पडदा जमिनीपर्यंत सोडायचा. त्याने खोली उंच वाटते. वरची-खालची दुमड धरून एक पट्टी सव्वाआठ फूट. एका लुगड्यात अशा तीन पट्ट्या निघतात. पन्हा साधारण ४५ इंच, म्हणजे तिन्ही मिळून सव्वाअकरा फूट रुंदी. सहा फुटी दांडीला जवळजवळ दुप्पट कापड, चुण्या नीट पडायला तेवढं लागतंच. मधली पट्टी उभी दुभागून दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी जोडा. काठ उभे येतात आणि पदराचा भाग एका पट्टीच्या तळाशी येऊ देता येतो. आतून पांढऱ्या मांजरपाटाचं अस्तर हवंच. जुनं सूत विरलेलं असतं, ऊन आणि वजन अस्तराने घ्यायचं. तुमची खिडकी पश्चिमेची असेल तर रेशमी लुगड्याचा मोह आवरा, दोन उन्हाळ्यांत ते चुण्यांच्या कडेला चिरतं. अस्तराचं कापड इचलकरंजीच्या मालात स्वस्त मिळतं. शिंप्याला मात्र भाव पाडून मागू नका. जुनं कापड शिवणं नव्यापेक्षा कठीण, सुई जपून चालवावी लागते.

ज्या साड्या पडद्यालाही जाणार नाहीत इतक्या विरल्यात, त्यांची वाकळ, म्हणजे गोधडी. गावात वाकळ शिवून देणाऱ्या बायका असतात, हाताचा टाका, काठाची चौकट. त्यांना मजुरी रोख आणि आधी ठरवून द्या, 'घरचंच आहे' म्हणून अर्ध्यात उरकू नका. पलंगावर ती पसरली की बेडरूमला वेगळी सजावट लागत नाही. खण असेल तर त्याचा पन्हा लहान असतो, त्यात उशांचे अभ्रे होतात, पडदा होत नाही. खण कर्नाटकातल्या गुळेदगुडचा खरा हातमागाचा असेल तर तोही थोडा थोडा वापरा. हल्ली त्याचे दिवे, डायऱ्या, तोरणं, टेबलमॅट सगळं येतं, आणि सगळं एका खोलीत आणलं की डोळे दुखतात.

घोंगडं सापडलं तर नशीब. माण, जत, आटपाडी भागातल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचं ते टोचतं, म्हणून सोफ्यावर टाकू नका. बैठकीच्या गादीखाली अंथरा किंवा भिंतीला आडवं टांगा. लोकरीला कसर लागते. वर्षातून दोनदा कडक ऊन दाखवायचं आणि झटकायचं.

बैठकीचं निघालंच आहे तर, सोफा घेतला नसेल तर घेऊ नका. माळ्यावरच्या कापसाच्या गाद्या पिंजाऱ्याकडून पिंजून, नवीन खोळ घालून, फूटभर उंचीच्या लाकडी चौथऱ्यावर टाका, मागे तीन लोड. मात्र सासूबाईंसाठी १८ इंच उंच आसनाची, हात असलेली एक खुर्ची तिथेच हवी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसवून घर पारंपरिक करण्यात काय अर्थ आहे?

फोटो. घर पाडण्याआधी एका सकाळी कोवळ्या उन्हात त्याचे फोटो काढून घ्या. दार, सोपा, चूल, माळ्याचा जिना. मोठा कॅनव्हास घ्यायचा विचार असेल तर त्याऐवजी यांतला एक फोटो मोठा करून लावा. जुन्या कुटुंबफोटोंची मूळ प्रत टांगू नका. स्कॅन करून प्रत फ्रेम करा, मूळ प्रत कागदी पाकिटात, अंधारात. फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंटची (फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) जाडी असलीच पाहिजे, कारण पावसाळ्यात दमटपणाने फोटो काचेला चिकटतो. आधीच चिकटलेला असेल तर ओढू नका, काचेसकटच स्कॅन करून घ्या. फ्रेमा सगळ्या एकसारख्या नसल्या तरी चालतात, माउंटचा रंग तेवढा एक ठेवा. फोटोचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास. आपल्याकडे देवासारखे सगळे फोटो छताजवळ टांगायची सवय आहे, ती सोडा. बैठकीच्या वर असेल तर लोडाच्या वर आठ इंच सोडून. खिळे मारण्याआधी वर्तमानपत्राचे तुकडे त्या मापाचे कापून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस तसेच बघा.

जुन्या देवादिकांच्या छापील तसबिरीही माळ्यावर निघतील. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या लक्ष्मी-सरस्वती गावोगावी पोहोचल्या. तुमची प्रत त्या छापखान्याची असेलच असं नाही, नंतर नकलाही अमाप निघाल्या. पण असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडून नवीन काच घाला. एखाद्या रविवारी सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन या. भवानी चित्रसंग्रहालयात रविवर्मांची मूळ चित्रं आहेत. हे संग्रहालय उभारणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. चित्राभोवती किती मोकळी भिंत लागते हे तिथे उभं राहून जेवढं कळतं तेवढं मी लिहून सांगू शकणार नाही.

मिरजेजवळ राहतो म्हणून कोपऱ्यात तंबोरा ठेवू का, असं मला दर दोन-तीन घरांमागे कोणीतरी विचारतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून जरा जास्तच. घरात कोणी गात किंवा शिकत असेल तर जरूर, आणि तो उन्हापासून लांब, पडणार नाही अशा स्टँडवर. कोणी गात नसेल तर नको. न वाजणाऱ्या वाद्यापेक्षा ती भिंत रिकामी बरी.

आता सुतारकामाखालोखाल ज्यावर सगळ्यात जास्त खर्च करायचाय ते. दिवे. बिल्डरने छताला दिलेल्या पांढऱ्या फटक ट्यूब साधारण ६५०० केल्विनच्या असतात (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). त्यांच्याखाली पितळ हिरवट आणि साग मातकट दिसतो. हॉल आणि बेडरूममध्ये २७०० ते ३००० केल्विन, स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४०००. खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलेले बल्ब मिळाले तर थोडे पैसे जास्त द्या, कापडाचे रंग खरे दिसतात. हॉलमध्ये छताचा एक दिवा नको, वेगवेगळ्या उंचीवर तीन हवेत: बाकड्याच्या वर भिंतीला एक, बैठकीच्या कोपऱ्यात उभा एक, पुस्तकांच्या फळीखाली एक पट्टी. ट्यूब काढून टाकू नका, झाडायला आणि हरवलेलं कानातलं शोधायला ती लागते. फॉल्स सीलिंग अजिबात नको. साडेनऊ फुटांच्या छतातून सहा-आठ इंच जातात, पंखा डोक्यावर येतो आणि उन्हाळ्यात ४० अंशांच्या पुढे गेलेल्या सांगलीत ते परवडत नाही.

रंगाबद्दल फार बोलत नाही. एकच भिंत भडक करायची पद्धत मला आवडत नाही. लुगड्याच्या काठाशेजारी पांढऱ्या-पिवळसर रंगाचे तीन नमुने दोन-दोन फुटांचे लावा, सकाळी आणि रात्री नव्या दिव्यांत बघा, मग ठरवा. भिंतीला ओल असेल तर आधी ओल.

तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात, पण गावभाग किंवा शामरावनगरात तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी एवढं लिहिते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथे भुशाचा बोर्ड किंवा एमडीएफ आणूच नका, एकदा फुगला की संपला. भरीव लाकूड, लोखंड, वेत, आणि सगळं पायांवर उभं. मूळ फोटो आणि कागद वरच्या फडताळात. तुमच्याकडेही सुताराने प्लायवूड सुचवलं तर शिक्का बघून घ्या. आयएस ३०३ या भारतीय मानकाचं साध्या वापराचं, त्यातही बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारं) लिहिलेलं बरं. सिंकखाली आयएस ७१०, म्हणजे मरीन.

पैशांची वाटणी मी अशी करीन: दिवे आणि इलेक्ट्रिशियन १२ हजार, सुतारकाम, वखार आणि पॉलिश १५, पडदे-गाद्या-वाकळ यांची शिलाई १०, फ्रेमा ५, टेम्पो आणि किरकोळ ३. उरलेले ५ हजार सध्या हात न लावता ठेवा. राहायला लागल्यावर नेमकं काय कमी आहे ते दिवाळीपर्यंत कळेल. एखादी बुरडाकडची मोठी दुरडी, एखादं स्टूल, तेव्हा घ्या.

राहिल्या सासूबाई. 'मोडीत घाला' म्हणणारी बाई ते पितळ आयुष्यभर राखेने घासत आलेली असते, तिला त्याचं कौतुक नसणं स्वाभाविक आहे. भांडी घासायचं काम त्यांच्याकडे येणार नाही हे आधी स्पष्ट सांगा, आणि मग त्यांना काय ठेवावंसं वाटतं ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर अनपेक्षित येतं. तुमच्या प्रश्नात शेवटी ओझरतं आलंय की त्यांना फक्त त्यांचं आरशाचं लोखंडी कपाट हवंय आणि तुम्हाला ते नेमकं नकोय. ते आणा. गोदरेजच्या धाटणीची ती कपाटं आजच्या बोर्डाच्या वॉर्डरोबपेक्षा कितीतरी टिकाऊ. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याकडे द्या. गंज घासून, प्रायमर मारून तो स्प्रेने ड्युको रंग देईल. रंग सासूबाईंना निवडू दे, फक्त चकचकीत ऐवजी मॅट सांगा. आरसा आणि मूठ मूळचीच ठेवा. कुलूप अडकत असेल तर रंगाला देण्याआधी दुरुस्त करून घ्या, नंतर केलं तर नव्या रंगावर ओरखडे पडतात.